रंग नाही तिथे नीळ

नूशाबादमधली झाडून सगळी माणसं एशरतला ओळखू येत, पण पायांवरून. दारात कुणी येऊन उभं राहिलं की ही म्हणणार, "ये रे मुराद, डावी टाच पुन्हा झिजवलीस की!" आणि त्याच मुरादला मिशा आहेत का, असं विचारलं तर हिला सांगता येणार नाही. कारण मिशांपर्यंत हिची नजर पोचतच नव्हती. मान खाली वाकलेली, आणि वाकलेली ती वाकलेली, शिवाय थोडी डावीकडे वळलेली. आमच्या गावातल्या शहाण्या बायका आपल्या मुलींना हिच्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "बघा, एशरतखाला कशी नजर खाली ठेवून चालते! शिका जरा." डोंबलाचा विनय! मान अडकली होती बिचारीची.

आणि अडकणार नाही तर काय होईल? एकतीस वर्षं ती उस्ताद हश्मतच्या गालिच्याच्या कारखान्यात नक्षा गात होती. उभ्या मागापुढे फळीवर चार बायका बसायच्या, त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकून एशरत. मांडीवर नक्षा, म्हणजे बारीक बारीक रंगीत घरं आखलेला पुठ्ठा. उजेड डावीकडच्या खिडकीतून यायचा, म्हणून पुठ्ठा डावीकडे आणि पुठ्ठ्यामागोमाग मानही डावीकडे. ती सूर लावून म्हणायची, "दोन लाल, एक केशरी, पुढे तीन पिस्ता..." की चौघी एका आवाजात "बांधलं!" म्हणून गाठी मारायच्या. विणणारीनं नक्षा बघायचा नसतो आणि हे असं का, ते तसं का, असं विचारायचंही नसतं. आवाज चालू तर हात चालू, आवाज बंद तर हात बंद. आणखी एक नियम एशरतच्या आईच्या वेळेपासूनचा होता. ज्या घराला रंगाचं नाव घेतलं नाही, त्या घरात जमिनीचा रंग बांधायचा. या खेपेच्या गालिच्याची जमीन निळीची होती. तेव्हा रंग नाही तिथे नीळ, एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

त्याआधीचा घोटाळा मात्र मोज्यातून झाला.

डाळिंबाच्या दिवसांत एशरतच्या लेकीला, फरंगीसला, मागणी आली. मुलगा जलील, रंगाऱ्यांच्या घरचा, पोरगा गुणी. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं, त्यामुळे मोठ्यांनी फक्त चहा प्यायचा आणि गोड बोलायचं, एवढंच काम उरलं होतं. जलीलची आई कौकब खानम आणि तिची नणंद बद्री, अशा दोघी आल्या. उंबऱ्याशी चपला काढून आत आल्या, गालिच्यावर बसल्या. एशरतनं आदरानं वाकून (म्हणजे होती तशीच राहून) म्हटलं, "या बाई, या. तुमचं पाऊल आमच्या डोळ्यांवर."

आता हे आम्ही सगळेच पाहुण्यांना म्हणतो, दिवसातून दहादा म्हणतो. पण कौकब खानमच्या उजव्या मोज्याला हे एवढं भोक होतं आणि त्यातून अख्खा अंगठा बाहेर आला होता. एशरतची नजर बरोबर त्या अंगठ्यावर. आणि चहा येईपर्यंत, चहा पिऊन होईपर्यंत, डाळिंबाचे दाणे संपेपर्यंत, दोन तास ती तिथेच राहिली. हलवणार कुठे? मान जिकडे नेईल तिकडेच नजर.

घरी जाताना बद्रीनं वहिनीला सगळं सांगितलं. आठवड्यानं एशरतच्या घरी निरोप आला, तोही बद्रीच घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलली.

"वहिनीनं सांगितलंय, पोरं पोरांच्या जागी चांगली आहेत. पण मुलीच्या आईनं दोन तास आमच्या अंगठ्याची शोभा केली आणि वर डोळ्यांवर पाऊल म्हणून टोमणा मारला. निकाहाच्या दिवशी दारात उभी राहून तिनं वहिनीच्या तोंडाकडे बघायचं, डोळ्याला डोळा देऊन या म्हणायचं. नाही जमलं, तर आम्ही उंबऱ्यावरूनच माघारी."

"अगं पण माझी मान..."

"मान-अपमान तुम्ही आधी बघायचा होता," असं म्हणून बद्री चालती झाली.

फरंगीस आतून सगळं ऐकत होती. ती रडली नाही, चिडली. "त्या कसल्या मोठ्या लागून गेल्यात? दोन तास छताकडे बघत बसल्या होत्या! आमच्या छताचे पोपडे मोजत होत्या. एकदा म्हणून खाली बघितलं नाही. एवढा ताठा?"

एशरतला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं कौकब खानमला अंगठ्याच्या वर पाहिलंच नव्हतं. पण पोपड्यांचं ऐकून ती वरमली आणि दुसऱ्याच दिवशी माणूस लावून छताला चुना दिला. लग्न वसंतात, नवरोजनंतर दहाव्या दिवशी धरलं होतं. छत तर पांढरं झालं, पण मान कशी वर करायची ते कुणाला कळेना. एशरतनं गरम विटेनं शेकलं, उंटाच्या चरबीनं चोळलं, शेजारणीनं तर दोन्ही कान धरून ओढून पाहिलं. त्या रात्री एशरत उशीत तोंड खुपसून रडली, कारण लेकीचं लग्न तिच्या स्वतःच्या मानेवर येऊन अडलं होतं आणि हे सांगायचं कुणाला!

थंडी पडली आणि कारखान्यात इंजिनियरबाई आली. आरोग्य खात्याची, कोवळी पोर, पायात पांढरे कापडी बूट (एशरतला एवढंच दिसलं). कामानं बायकांची अंगं का मोडतात ते शोधायला तिला पाठवलं होतं. तिच्याकडे शाळेतल्यासारखा एक मोठा कोनमापक होता. तो ती प्रत्येकीच्या मानेला, कोपराला, पाठीला लावून आकडे लिहून घ्यायची.

"एशरत खानम, मान साठ अंश!"

"अगं बाई! आणि माझी?" तूबानं विचारलं. तूबा चौघींत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात बोलकी.

"तुमची पस्तीस."

"फक्त पस्तीस? वीस वर्षं बसतेय की गं इथं! नीट लाव ना ते."

इंजिनियरबाईनं उस्ताद हश्मतला समोर बसवून सगळं समजावलं. फळी अशा उंचीवर हवी की हात कोपराच्या फार वर जायला नकोत, नाहीतर खांदे जातात. पाय लोंबकळतायत, पायाखाली आधार द्या. दोऱ्याचे गुंडे इतके उंच टांगलेत की प्रत्येक गाठीला हात आभाळाला लागतो, ते खाली घ्या. लोखंडी फणीच्या मुठीला जाड कापड गुंडाळा, मनगटं वाचतील. पाठ टेकायला काहीतरी द्या. आणि नक्षा मांडीवरून उचलून डोळ्यांसमोर भिंतीला लावा.

उस्ताद हश्मत भला माणूस, पण त्याला एका वेळी एकच गोष्ट पटते. पाय टेकवायला त्यानं जुन्या दाराच्या फळ्या आणून दिल्या, गुंडे खाली घेतले. पाठीच्या टेक्याला मात्र तो म्हणाला, "पाठ टेकली की माणूस झोपतो," आणि नमुन्याला आलेली खुर्ची आपल्या खोलीत नेऊन हे स्वतःवर सिद्ध करून दाखवलं. त्याच्या घोरण्याचा आवाज मागापर्यंत येई.

नक्षा भिंतीवर लावायला एशरतनंच नकार दिला.

"उघडा टांगायचा? सगळ्यांसमोर? मग मी कशाला? माझ्या आईनं तो मांडीवर सांभाळला, मी सांभाळते. भिंतीवर गेला की ह्या चौघी बघून बघून विणतील आणि मी दारात बसून खजूर विकीन!"

"बरं, राहू दे मांडीवर," इंजिनियरबाई म्हणाली. "पण मग व्यायाम तरी करा. दिवसातून तीनदा, पाव पाव तास. हात मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायचे, मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. खांदे मागे. रोज न चुकता केलंत तर नवरोजपर्यंत मान उचलेल."

नवरोजपर्यंत! एशरतनं पुढचं काही ऐकलंच नाही.

पहिल्या दिवशी दहा वाजता इंजिनियरबाईनं टाळी वाजवली आणि सांगितलं, "चला, मान डावीकडे." कुणी हललं नाही. चौघी तशाच मागाकडे तोंड करून बसलेल्या. तिनं पुन्हा सांगितलं. तूबा म्हणाली, "बाळे, रागावू नकोस. वीस वर्षं आम्ही एशरतनं गायल्याशिवाय बोटसुद्धा हलवलेलं नाही. तू नुसतं बोलतेस. नुसत्या बोलण्यानं आमचं अंग हलत नाही गं."

तेव्हा एशरतनंच सूर लावला. "माऽन डावीकडे..."

"बांधली!" चौघी एकदम म्हणाल्या आणि चार माना डावीकडे.

"माऽन उजवीकडे..."

"बांधली!"

इंजिनियरबाई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं वहीत लिहून घेतलं की स्थानिक पद्धतीशी सुंदर मेळ बसला. आणि लगेच ती शहराची गाडी गाठायला निघाली. पाव तास ती थांबली असती आणि बायकांच्या मानांऐवजी बायकांच्या हातांकडे तिनं पाहिलं असतं, तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

कारण हात मांडीवर राहिलेच नाहीत. राहतील कसे? आवाज चालू तर हात चालू. डोळे मिटलेले, माना वळलेल्या, आणि हात आपले गाठी मारतायत! कुठल्या रंगाच्या? एशरत रंग सांगतच नव्हती, मान सांगत होती. मग रंग नाही तिथे नीळ. पाव तासात चौघी मिळून आडवी एक अख्खी ओळ निळीची बांधून मोकळ्या. पुढे एशरत पुन्हा नक्ष्यावर यायची, "तीन लाल, एक केशरी," की हात पुन्हा सरळ कामाला लागायचे. विणून झालेल्या भागावर धूळ बसू नये म्हणून तो चादरीखाली झाकलेला असतो. चौघींना वाटायचं, नक्ष्यातच असेल. विचारायचं तर नसतंच. आणि एशरतला दिसायचा फक्त मांडीवरचा पुठ्ठा आणि चौघींच्या चपला.

दिवसातून तीन ओळी, आठवड्यातून सहा दिवस.

मान मात्र खरोखर उचलायला लागली हो! पहिल्या आठवड्यात एशरतला लोकांच्या घोट्याच्या वरचा भाग दिसला. तिसऱ्या आठवड्यात सामोवारवरची चहादाणी दिसली. "अय्या, हिचा कान कधी तुटला?" "बारा वर्षं झाली," तूबा म्हणाली. पाचव्या आठवड्यात रोटी आणायला गेली तेव्हा तिला रोटीवाल्याचा चेहरा दिसला आणि ती त्याला म्हणाली, "तुझ्या वडलांना सांग, एशरत विचारत होती." तो म्हणाला, "खाला, मीच तो वडील." ती घरी येईपर्यंत हसत होती, आणि घरी येऊन वर्षं मोजत बसली.

एके दिवशी दुपारी तिला फळीवर बसलेल्या तूबाची पाठ दिसली, आणि रुमालातून सुटलेली बट.

"तूबा, केस पांढरे झाले गं तुझे."

"मग काय, तुझी वाट बघत काळे राहतील?"

एशरतला भरून आलं. तिच्या आठवणीतली तूबा नवी सून होती. आपली इतकी वर्षं कुठे गेली, ते तिला त्या पांढऱ्या बटेत दिसलं, आणि तिला स्वतःचाच राग आला की आपण हे सगळं पुठ्ठ्यात तोंड घालून काढलं.

इकडे उस्ताद हश्मत खुशीत. दर गुरुवारी येऊन तो चादरीवरूनच विती टाकून गालिचा मोजायचा आणि गालिचा नेहमीपेक्षा भरभर वाढत होता. इंजिनियरबाई परत आली, तिनं एशरतची मान मोजली, ती पंचवीस अंशांवर आली होती. गालिचा मोजला, तो चार बोटं पुढे होता. तिनं वहीत लिहिलं की व्यायामानं उत्पादन वाढतं, आणि तिला शहरात शाबासकी मिळाली म्हणे. एकच गोष्ट उस्तादला कळत नव्हती.

"नीळ जातेय कुठे? तिसऱ्यांदा मागवली कौकब खानमकडून. ही बाई निळ्या लोकरीऐवजी हवा तर देत नाही ना?"

कौकब खानमचं नाव निघालं की एशरत विषय बदलायची. "मान वर करू दे एकदा, मग बघते तिच्याकडे," असं ती मनात म्हणायची, आणि ते म्हणताना तिला भांडणाची खुमखुमी यायची. ताठ्याची बाई! छत बघणारी बाई!

लग्नाला बारा दिवस उरले असताना, सकाळच्या व्यायामात, "माऽन वर" असं गाता गाता एशरतची मान कट्ट असा आवाज होऊन वर गेली. अगदी सरळ. समोर माग होता. चादर जरा घसरली होती आणि हातभर गालिचा उघडा पडला होता. आणि चौघी बायका डोळे मिटून, माना आढ्याकडे करून, भराभर नीळ बांधत होत्या.

"अगं ए! काय करताय काय?"

चौघी थांबल्या. "तू सांगतेयस ते."

"मी मान सांगतेय, मान!"

"रंग कुठे सांगितलास?" तूबा म्हणाली. "रंग नाही तिथे नीळ. तुझ्या आईचाच नियम."

एशरत उठली आणि तिनं चादर ओढून काढली. हे हरणांचं रान होतं. सरूची झाडं, गुलाब, त्यांच्यामधून पळणारी हरणं. दोन बोटांवर एक, दोन बोटांवर एक, अशा निळ्या आडव्या रेघा सगळ्यातून गेल्या होत्या, शाळेच्या वहीसारख्या. आणि मधे मधे जास्तीच्या ओळी घुसल्यामुळे हरणांच्या माना लांब लांब लांब होत गेल्या होत्या. सगळ्यात वरच्या हरणाची मान तर उंटापेक्षा मोठी. एशरत उभी राहून बघत होती. एकतीस वर्षांत तिनं गालिचा असा समोरून पहिल्यांदाच पाहिला, आणि बघायला मिळालं ते हे.

उस्ताद हश्मत खुर्चीतून उठून आला. त्यानं पाहिलं. मग तो खाली बसला. मग पुन्हा उठून पाहिलं.

"उसवा," तो म्हणाला. "पहिल्या रेघेपर्यंत उसवा. तीन दिवसांत उसवायचं आणि चौथ्या दिवसापासून पुन्हा विणायला घ्यायचं, सकाळी दोन तास जास्त, संध्याकाळी दोन तास जास्त. आणि यापुढे ह्या कारखान्यात कुणाची मान डावीकडे गेलेली मला दिसता कामा नये."

"उस्ताद, बारा दिवसांनी लेकीचं लग्न आहे माझ्या..."

"मग काय गालिच्याचीही वरात काढू?"

एशरत जागेवर जाऊन बसली. व्यायाम बंद, तास जास्त आणि नक्षा मांडीवर, म्हणजे लग्नाच्या दिवशी मान पुन्हा साठ अंशांवर, नजर पुन्हा कौकब खानमच्या अंगठ्यावर, आणि वरात उंबऱ्यावरून माघारी. हिशेब इतका सोपा होता की तिला हुंदका आला. तीन दिवस चौघी उसवत होत्या आणि ती नुसती मांडीवरच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत होती. त्या पुठ्ठ्यामुळे तिला मान होता आणि त्या पुठ्ठ्यानंच तिची मान घेतली होती.

चौथ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. तिनं मागाशेजारच्या भिंतीत आपल्या डोळ्यांच्या उंचीवर खिळा ठोकला आणि नक्षा टांगला. उघडा. सगळ्यांसमोर.

चौघी आल्या त्या दारातच थबकल्या. चोरून बघितल्यासारखं करत मग नीट बघायला लागल्या.

"हे हरीण आहे?" तूबा म्हणाली. "या खुदा! मी आजवर बोकड समजत होते."

"समजलं ना? बघा आता आणि विणा," एशरत म्हणाली. ती दाराकडे वळली, कारण तिला रडू आवरत नव्हतं.

मागे काही हललं नाही. कात्री वाजली नाही, फणी वाजली नाही. तिनं वळून पाहिलं. चौघी फळीवर बसल्या होत्या, हात वर, नक्षा समोर, आणि बोटं थिजलेली.

"अगं, बांधा ना!"

"तू गा ना," तूबा म्हणाली. "भिंत काय गाते का?"

एशरतनं डोळे पुसले, भिंतीसमोर ताठ उभी राहिली आणि सूर लावला. मान सरळ असल्यानं गळा मोकळा झाला होता. आवाज असा लागला की पलीकडच्या गल्लीतले लोक बाहेर आले.

लग्नाचा दिवस उजाडला. घरात सगळी मांडामांड झाली, आरसा, मेणबत्त्यांची शमादानं, मध, साखरेच्या मोठ्या ढेपा. निकाह लावणारे आगासाहेब येऊन बसले. फरंगीस पांढऱ्या ओढणीखाली गप्प. कारखान्यातल्या चौघी पुढच्याच रांगेत. आणि एशरत दारात उभी, मान सरळ, नजर समोर. मनात तिनं वाक्य घोटून ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्यात थोडा खोचकपणाही ठेवला होता. पांढऱ्या छताखाली, लेकीच्या लग्नात, ताठ मानेनं ताठ बाईला बघायचं होतं तिला.

बद्री कौकब खानमचा हात धरून आली. एशरतनं कौकब खानमच्या तोंडाकडे पाहिलं.

तोंड दिसेना. दिसली ती हनुवटी, खालच्या बाजूनं. त्यावर दोन नाकपुड्या. कौकब खानमचं तोंड सरळ आभाळाकडे होतं आणि बद्री तिला पायऱ्या सांगत होती, "आता उंबरा आहे वहिनी, पाय उचल."

"आली का ती?" कौकब खानमनं छताला विचारलं. "बघतेय का माझ्याकडे?"

"बघतेय वहिनी. अगदी टक लावून."

"मग म्हणत का नाही काही?"

एशरतच्या तोंडून घोटलेलं वाक्य येईना. "बाई," ती म्हणाली, "तुमच्या मानेला काय झालं?"

"काय व्हायचंय? तीस वर्षं ओल्या लोकरीच्या लड्या वरच्या दांड्यांवर टाकतेय. मान वर, हात वर. थोडी वर राहायचीच आधीपासून, स्वतःचे पाय दिसून युगं लोटली. पण ह्या थंडीत कुणा मेल्या कारखान्यानं इतकी नीळ मागवली, इतकी नीळ मागवली, की टाकता टाकता एक दिवस जी वर गेली ती खाली आलीच नाही." तिनं हात पुढे केले. कोपरापर्यंत निळे होते. "काय करता गं तुम्ही लोक एवढ्या निळीचं? पिता?"

पुढच्या रांगेत चौघींनी एकमेकींकडे पाहिलं.

एशरतला मात्र सगळं एकदम कळलं. मोज्याचं भोक का होतं ते कळलं, पोपडे कुणी मोजले नव्हते ते कळलं. आणि आपली मान रोज केसभर वर येत होती तेव्हा ही दुसरी मान रोज केसभर मागे जात होती, हेही कळलं. ती शरमली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

आगासाहेब खाकरले. "सुरू करायचं का?"

"थांबा आगासाहेब," एशरत म्हणाली. तिनं कौकब खानमचे निळे हात आपल्या हातात घेतले, नीट खाली सोडले, आणि सूर लावला. "माऽन डावीकडे..."

"बांधली!" पुढच्या रांगेतून चौघी ओरडल्या. सवयच ती.

"हे काय आता?" बद्री म्हणाली.

"गप गं," कौकब खानम म्हणाली. तिची मान गव्हाच्या दाण्याएवढी डावीकडे सरकली होती.

"माऽन उजवीकडे..." आता मागच्या रांगेतल्या बायकाही "बांधली!" म्हणाल्या. फरंगीसची ओढणी हलली. जलील घामाघूम, पण मान वळवत होता. आगासाहेबांनी पोथी मिटली, कारण मान वळवून वाचता येईना. किती वेळ चाललं होतं कोण जाणे, चहा दोनदा निवला.

"माऽन खाली..."

कौकब खानमची नजर छतावरून निघाली. "चुना नवा दिलाय वाटतं," असं म्हणत ती दिव्यावर आली, पडद्यावर आली, आणि हळूहळू एशरतच्या कपाळावर, आणि मग डोळ्यांवर. दोघींनी एकमेकींना पहिल्यांदा पाहिलं. कौकब खानमचे डोळे मोठे होते आणि दमलेले होते, ताठ्याचा त्यात मागमूसही नव्हता.

"या बाई," एशरत म्हणाली. "या."

पण कौकब खानमची मान आता सुटली होती, ती थांबायला तयार नव्हती. नजर एशरतच्या डोळ्यांवरून हनुवटीवर, हनुवटीवरून पदरावर, पदरावरून खाली पार गालिच्यापर्यंत गेली आणि तिथे रुतली. कौकब खानमचे खांदे हलायला लागले. रडतेय की काय, असं बद्रीला वाटलं.

"एशरत खानम," ती म्हणाली, "तुमचं पाऊल माझ्या डोळ्यांवर. पण अंगठा तेवढा आत घ्या."

एशरतनं खाली पाहिलं. दोन महिने ती मान वर करून गावभर हिंडत होती, आणि तेवढ्या दिवसांत स्वतःच्या पायांकडे बघायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मोज्याला हे एवढं भोक पडलं होतं.